मेनूत सगळं आहे पण शेतकऱ्यांना सापडत नाही, टेस्टिंग कोणत्या पद्धतीनं करावं?

पऱ्हाटी_दारव्हा

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. आमच्या इकडे शेतकरी उत्पादक कंपनी आहे, कापूस सोयाबीन तूर असं घेतो, बी-खत पण देतो सभासदांना. तिची वेबसाइट मीच वर्डप्रेसवर बनवली, दोन वर्षं झाली. साइट चालते बरोबर, कुठं तुटत नाही, मोबाइलवर पण उघडते. पण ऑफिसच्या फोनवर दिवसभर तेच तेच प्रश्न येऊन राहिले, आज कापसाचा भाव काय, माझा चुकारा (दिलेल्या मालाचे पैसे) कधी येणार, बियाणं आलं का. आणि हे सगळं साइटवर आहे! रोज सकाळी १० वाजता मी स्वतः भाव टाकतो.

मेनू असा आहे: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, उपक्रम, निविष्ठा, विपणन, सभासद दालन, माहिती केंद्र, संपर्क. भाव विपणनच्या आत "दैनिक दर" मध्ये आणि चुकारा सभासद दालनात "देयक स्थिती" मध्ये.

मागच्या मंगळवारी आमच्या गावचे एक काका ऑफिसात बसले होते, त्यांना म्हटलं काका फोनवरच पाहा ना चुकारा. त्यांनी साइट उघडली, स्क्रीनवर हाताची सावली धरली, वर कोपऱ्यातल्या तीन रेषा त्यांना दिसल्याच नाहीत, खाली खाली सरकवत गेले, मागच्या वर्षीच्या आमसभेचे फोटो लागले, ते पाहत बसले. मग मीच मेनू उघडून दिला. तर आधी "उपक्रम" दाबलं, मागं आले, "माहिती केंद्र" दाबलं, मागं आले, आणि फोन माझ्यापुढं धरून म्हणाले, "बाबू, थे चुकाऱ्याचं कुठी हाय, तूच दाव." काका दहावी शिकलेले, रोज पेपर वाचतात. म्हणून संचालक मंडळाचं जे म्हणणं आहे की "आपल्या लोकांले वाचता येत नाई म्हणून होते", ते मला पटत नाही.

सीतादही (वेचणीआधीची पूजा) होऊन वेचणी सुरू झाली की फोन दुप्पट होतील, त्याच्या आधी मेनू दुरुस्त करायचा आहे. नेटवर वाचलं तर कार्ड सॉर्टिंग, ट्री टेस्टिंग, फर्स्ट क्लिक, थिंक अलाउड असे दहा प्रकार सांगतात. कोणता कशासाठी, किती लोकांवर, आणि आमच्याकडे पैसा नाही, लॅब नाही, लाइट पण दुपारी जाते, अशात काय जमेल ते कोणी अनुभवी माणसानं सांगावं ही विनंती.

सेलूचा_पोरगा

दादा, मी वर्धा जिल्ह्यातला, सध्या पुण्यात हेच काम करतो, नऊ वर्षं झाली. तुम्ही काकांचं जे लिहिलं तीच टेस्ट आहे, फक्त एक चूक झाली, तुम्ही मेनू उघडून दिला. तिथं हात आखडता घ्यायचा. माणूस अडकला की आपला जीव कासावीस होतो, पण तो कुठं अडकतो हेच तर पाहायचं आहे.

आता पद्धती. दोन गोष्टी वेगळ्या करा डोक्यात. एक म्हणजे गोष्टींचे गठ्ठे कसे लावले आणि त्यांना नावं काय दिली, आणि दुसरी म्हणजे ते स्क्रीनवर दिसतं कसं, बटण कुठं, रेषा कुठं. काकांना दोन्ही अडचणी आल्या. तीन रेषा दिसल्या नाहीत ही दिसण्याची अडचण, आणि मेनू उघडल्यावरही चुकारा सापडला नाही ही नावाची अडचण. रंग आणि डिझाइन बदलून दुसरी अडचण कधीच जात नाही, आणि लोक नेमके तिथंच पैसे घालवतात.

नावं आणि गठ्ठ्यांसाठी कार्ड सॉर्टिंग. साइटवर ज्या ज्या गोष्टी आहेत त्या एकेका चिठ्ठीवर लिहा, तीस-चाळीस पुरे. जुन्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा, जाड असतात, उडत नाहीत. चिठ्ठीवर "देयक स्थिती" लिहू नका हं, "दिलेल्या मालाचे पैसे कधी येणार" असं लिहा. मग एकेका शेतकऱ्याला ताडपत्रीवर नाहीतर ओट्यावर बसवून सांगा की जे जे एकत्र ठेवावंसं वाटते ते एकत्र ठेवा, आणि झाल्यावर प्रत्येक गठ्ठ्याला तुमच्या भाषेत नाव द्या. याला ओपन कार्ड सॉर्ट म्हणतात. नावं आपणच आधी देऊन ठेवली आणि चिठ्ठ्या त्यात टाकायला लावल्या तर तो क्लोज्ड. तुम्हाला ओपन पाहिजे, कारण तुमची नावंच चुकलीत. कोण कुठं ठेवते हे वहीत लिहा, गठ्ठ्यांचे मोबाइलवर फोटो काढा, आणि ठेवताना ते जे बोलतात ते तर नक्कीच लिहा. "हे कायले म्हणते?" असं ज्या चिठ्ठीवर कोणी विचारलं ती चिठ्ठी बाजूला काढा, तो शब्द मेनूत जाता कामा नये. "निविष्ठा" बद्दल हे होणारच, मी पैज लावतो. बी-खत-औषधासाठी कृषी खात्याच्या कागदावरचा शब्द आहे तो, कोणी शेतकरी दुकानात जाऊन निविष्ठा द्या म्हणत नाही.

किती लोक? यावर टुलिस आणि वुड यांचा २००४ चा अभ्यास आहे, मोठ्या गटाच्या निकालाशी लहान गटाचा निकाल किती जुळतो ते त्यांनी पाहिलं, ५ जणांत सहसंबंध ०.७५ आणि १५ जणांत ०.९० आला (१ म्हणजे तंतोतंत जुळणं). म्हणून १५ धरा. त्याच्या पुढं मेहनत वाढते आणि हाती फार काही नवं येत नाही.

त्यातून जो मेनू निघेल तो ट्री टेस्टिंगनं तपासा. यात डिझाइन नाही, रंग नाही, फक्त मेनूची नावं एका खाली एक. माणसाला काम द्यायचं आणि तो कोणती फांदी धरतो ते पाहायचं. आज यासाठी ऑनलाइन टूल आहेत, पण ही पद्धत मुळात कागदावरच निघाली, डोना स्पेन्सरनं २००३ मध्ये मांडली तेव्हा नुसती कार्डं होती. पहिल्या कार्डावर मुख्य मेनू, माणूस एकावर बोट ठेवतो, मग त्या शाखेचं दुसरं कार्ड पुढं करायचं. लाइट गेली तरी चालते. तीन गोष्टी लिहा: बरोबर जागी पोचला का, सरळ पोचला की मागं फिरून पोचला, आणि पहिलं बोट कुठं ठेवलं. मागं फिरणं हे फार बोलकं असते दादा. जो पोचला पण तीनदा मागं फिरून पोचला, तो घरी एकटा असता तर ऑफिसला फोनच लावणार.

आणि काम सांगताना मेनूतला शब्द तोंडातून काढायचा नाही. "चुकारा कुठं पाहाल" म्हटलं आणि मेनूत चुकारा लिहिलेलं असलं तर ती शब्द जुळवायची परीक्षा झाली. असं म्हणा, "मागच्या आठवड्यात तुम्ही बारा क्विंटल कापूस दिला, काट्याची पावती हाती आहे, घरी लग्नाचं आहे, पैसे कधी येतील ते पाहायचं आहे." मग गप्प बसा.

नवा आणि जुना मेनू दोन्ही तपासा, वेगवेगळ्या लोकांवर. जुन्याचा आकडा नसला तर संचालकांना काय दाखवणार.

संत्रा_आंबिया

वरुडकडून. मी पण साइट बनवतो, बाजार समितीच्या लोकांसाठी, कृषी सेवा केंद्रांसाठी. माझं मत थोडं वेगळं आहे. कार्ड सॉर्टिंग ऐकायला छान वाटते पण चिठ्ठ्या लावणं वेगळं आणि काम पडलं तेव्हा शोधणं वेगळं. माणूस चिठ्ठ्या लावताना शहाणपणानं लावतो, विचार करून, आणि साइटवर आला की घाईत असतो, एका हातात मोबाइल आन दुसऱ्या हातात बैलाची दोरी. म्हणून मी सरळ फर्स्ट क्लिक करतो. होमपेजचा स्क्रीनशॉट दाखवायचा, काम सांगायचं, पहिलं बोट कुठं ठेवते ते लिहायचं, संपलं. एका माणसाला दहा मिनिटं पण लागत नाहीत. बॉब बेली आणि कॅरी वुल्फसन यांनी २००९ मध्ये हे मोजलं होतं, ज्यांचं पहिलं क्लिक बरोबर पडलं त्यांच्यापैकी ८७ टक्के लोकांचं काम झालं आणि ज्यांचं चुकलं त्यांच्यात ४६ टक्क्यांचंच. म्हणजे सगळा खेळ पहिल्या बोटाचा आहे.

आणि माणसं किती यावर एवढं काय, ५ माणसं बस झाली, वेबसाइट टेस्टिंगमधले जाणकार जेकब नील्सन यांनी सांगितलेलं आहे.

दुसरं, कोणी तुम्हाला सांगेल की सगळं तीन क्लिकच्या आत पाहिजे. ऐकू नका. जोशुआ पोर्टरनं २००३ मध्ये ४४ लोकांची ६२० कामं तपासली, तिसऱ्या क्लिकनंतर लोक सोडून जातात असं काही दिसलं नाही. प्रत्येक पायरीवर आपण बरोबर चाललो असं वाटत असलं तर माणूस पाच वेळा पण दाबतो. तीन क्लिकच्या नादात लोक होमपेजवर चाळीस लिंका कोंबतात आणि मग तिथंच माणूस हरवते.

सेलूचा_पोरगा

संत्रा भाऊ, फर्स्ट क्लिकचं एकदम बरोबर, तो करावाच. तीन क्लिकचंही बरोबर. पण ५ चं थोडं नीट सांगतो, कारण हा आकडा सगळीकडे कुठंही चिकटवतात. नील्सन आणि लँडावर यांनी १९९३ मध्ये वेगवेगळ्या प्रोजेक्टांवरून काढलं की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. दुसरा माणूस काही त्याच दाखवतो, काही नव्या. असं करत पाचव्यापर्यंत साधारण ८५ टक्के होतात. म्हणजे हे अडचणी शोधण्याचं गणित आहे. "किती टक्के लोकांना चुकारा सापडतो" हे मोजायला ५ माणसं पुरत नाहीत, एक माणूस इकडचा तिकडं झाला की २० टक्क्यांचा फरक पडतो. आणि खुद्द नील्सन सांगतात की १५ माणसं मिळत असतील तर एकदाच बसवू नका, ५ बसवा, दुरुस्त करा, पुन्हा ५ बसवा, पुन्हा दुरुस्त करा.

शिवाय पाचही एकाच प्रकारची पाहिजेत. शेतकरी, गावातला व्यापारी आणि बचत गटाची महिला असं पाच जणांत मिसळलं तर कोणाचंच धड कळत नाही.

सेतूवाली_ताई

मी ब्रह्मपुरीकडे सेवा केंद्र चालवते, धानाचा पट्टा आमचा. मला या पद्धतींची नावं माहीत नव्हती पण माझ्या टेबलापुढं रोज हेच घडते म्हणून लिहून राहिली.

एकेकाला बसवून बोलत बोलत करायला लावायचं, ते आमच्याकडच्या बायांवर चालत नाही. एकटीला बसवलं आणि समोर वही घेऊन माणूस बसला की ती परीक्षाच समजते. पदर सारखा करते, हळूच विचारते "चुकलं का भाऊ?" आणि मग बोट उचलतच नाही. तिला बोलायला लावलं तर तुम्हाला जे ऐकायचं तेच बोलते, "चांगलं आहे, बरं आहे."

मी काय पाहिलं, दोघी आल्या ना तर खरं बाहेर येते. नणंद-भावजया येतात, नाहीतर मायलेकी, फोन एकीच्या हातात आणि दुसरी सांगते, "वो नको दाबू, थो फोटोचा आहे." "अगं पैशाचं आहे तर बँकेत पाहा ना." त्या एकमेकींशी बोलतात, माझ्याशी नाही, त्यामुळं मनातलं सगळं कानावर पडते. तुम्ही पण दोघा-दोघांना बसवा. आणि सुरुवातीलाच सांगा की परीक्षा तुमची नाही, या साइटची आहे, सापडलं नाही तर चूक बनवणाऱ्याची. ते नुसतं सांगून भागत नाही, पहिलं काम मुद्दाम सोपं द्या, जमलं की चेहरा मोकळा होते.

आणखी एक, फोन त्यांचाच वापरा. ऑफिसचा नवा मोठा फोन दिला तर तो बिचारा कोरा असते, त्यांच्या फोनची काच तडकलेली, अक्षर मोठं करून ठेवलेलं, स्टोरेज भरलेलं. अक्षर मोठं केलं की तुमच्या मेनूचे शब्द दोन ओळींत तुटतात नाहीतर अर्धेच दिसतात, ते तुमच्या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही. आणि घरी फोन एकच असला तर तो पोराजवळ असते, बाई पोराला सांगते आणि पोरगं शोधते. म्हणजे ती ज्या शब्दात पोराला सांगते तो शब्द मेनूत पाहिजे.

शेवटचं, लोक तुमच्या मुखपृष्ठावरून येतच नाहीत. कोणीतरी व्हॉट्सॲपवर लिंक टाकते, ती दाबली की एकदम आतल्या पानावर. तिथून त्यांना मेनू सापडते का ते पाहा.

सेलूचा_पोरगा

ताई, तुम्ही जे दोघींचं सांगितलं त्याला आमच्या धंद्यात को-डिस्कव्हरी म्हणतात, पद्धतच आहे ती. एकट्याला बोलायला लावणं म्हणजे थिंक अलाउड, आयबीएममध्ये क्लेटन लुइसनं १९८२ मध्ये ते आणलं, पण सतत स्वतःशी बोलणं काही लोकांना अवघड जाते, तिथं जोडी उत्तम. दारव्हेकर दादा, ताई म्हणते तसंच करा.

आतल्या पानाचंही फार मोलाचं सांगितलं. वेबसाइट सोप्या कशा कराव्यात यावर लिहिणारे स्टीव्ह क्रग यासाठी एक चाचणी सांगतात. समजा माणसाला डोळे बांधून गाडीच्या डिकीत घातलं, फिरवलं आणि साइटच्या कोणत्याही एका आतल्या पानावर उतरवलं. पट्टी सोडल्यावर त्याला लगेच सांगता आलं पाहिजे की ही साइट कोणाची, हे पान कशाचं, मुख्य भाग कोणते, मी यात कुठं आहे आणि शोधायचं कुठं. पाच-सहा आतल्या पानांचे प्रिंट काढा आणि हातभर अंतरावर धरून विचारा.

तीन रेषांबद्दल राहिलं. ते चिन्ह नॉर्म कॉक्सनं १९८१ च्या झेरॉक्स स्टार कॉम्प्युटरसाठी काढलं होतं, ऑफिसात काम करणाऱ्या लोकांसाठी. काकांनी ते ओळखावं असं त्यांच्या आयुष्यात काहीच घडलेलं नाही. याच नील्सन यांच्या संस्थेनं, नील्सन नॉर्मन ग्रुपनं, २०१६ मध्ये तपासलं तेव्हा मेनू लपवला की लोकांना गोष्टी कमी सापडतात हे मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हीवर दिसलं. रेषा ठेवायच्याच असतील तर बाजूला "मेनू" लिहा, पण माझं मत, जे तीन-चार कामं लोक रोज करतात ती उघडीच ठेवा.

पऱ्हाटी_दारव्हा

मंडळी, महिन्याभरानं लिहून राहिलो, माफ करा, पण सगळं केलं म्हणूनच उशीर झाला.

आधी चिठ्ठ्या. ३६ झाल्या. लग्नपत्रिकांचीच कार्डं केली. मारुतीच्या पारावर बसलो तर पहिल्याच दिवशी वारा सुटला, मग एका आजीनं घरून वाटीभर चिंचोके आणून दिले, प्रत्येक गठ्ठ्यावर दोन-दोन ठेवले. १५ जणांनी लावल्या, त्यात ६ बाया, त्यांच्या तीन जोड्या केल्या ताईंनी सांगितलं तशा. (म्हणजे मांडण्या १२ च झाल्या, पण जोड्यांमध्ये जे बोलणं ऐकलं ते बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाचं निघालं.)

जे निघालं ते पाहून मी रात्रभर विचार करत होतो. मी मेनू ऑफिसच्या टेबलांप्रमाणं केला होता. खरेदीचं टेबल, खताचं टेबल, हिशोबाचं टेबल. आणि लोकांनी पिकाप्रमाणं गठ्ठे लावले. सोयाबीनचं बियाणं, सोयाबीनची फवारणी, सोयाबीनचा भाव, सगळं एका जागी, वरून नाव "सोयाबीन". १२ पैकी ७ मांडण्या अशा. पण चुकारा, पावती, शेअरचं सर्टिफिकेट, बँक खातं हे कोणीच पिकात टाकलं नाही, त्याचा वेगळा गठ्ठा, आणि नावं पाहा, "पैसे", "माह्ये पैसे", "हिसाब", "चुकारा". एकानंही देयक म्हटलं नाही. दालनाची चिठ्ठी पाहून एका वहिनीनं विचारलं "हे साडीचं दुकान हाय का?" मला क्षणभर काही बोलता आलं नाही, कारण तिचं बरोबर होतं, तिनं तो शब्द दुकानाच्या पाटीवरच वाचलेला.

निविष्ठाची पैज सेलूकर दादा जिंकले. १५ पैकी दोघांना माहीत होता, एक निवृत्त ग्रामसेवक आणि एक कृषी सेवा केंद्रावर कामाला असलेलं पोट्टं.

मग दोन मेनू तयार केले, एक पूर्ण पिकाप्रमाणं आणि एक कामाप्रमाणं, आणि जुना तिसरा. कागदी ट्री टेस्ट केली, प्रत्येकावर वेगवेगळी १६ माणसं, आठ-आठ कामं. चुकाऱ्याच्या कामात जुन्या मेनूवर १६ पैकी ३ जण पोचले, त्यातले दोघं मागं फिरून. कामाप्रमाणं केलेल्यावर १४, जवळपास सगळे सरळ. आणि गंमत म्हणजे पिकाप्रमाणं केलेला मेनू, जो त्यांच्याच गठ्ठ्यांवरून केला, तो भावाच्या कामात मागं पडला. संत्रा भाऊ म्हणाले होते ते इथं दिसलं. आंतरपिकात तूर घेणारा माणूस आधी "कापूस" उघडतो, मग तुरीचा भाव पाहायला मागं येतो. भाव त्यांना सगळे एका जागी पाहिजेत, बाजार समितीच्या फळ्यावर असतात तसे. पण फवारणी आणि बियाण्याची माहिती मात्र पिकातच शोधतात.

म्हणून शेवटी मिसळ केली. होमपेजवर उघडी चार बटणं, "आजचे भाव", "माझा चुकारा", "बी-खत-औषध", "फोन लावा". त्याच्या खाली "कापूस", "सोयाबीन", "तूर". बाकी आमच्याविषयी, आमसभा, फोटो वगैरे खाली "कंपनीची माहिती" मध्ये. हीच चार बटणं प्रत्येक आतल्या पानावर पण.

नंतर खऱ्या फोनवर पाच जणांना बसवलं, ज्याचा त्याचा फोन. इथं दोन गोष्टी सापडल्या ज्या कागदावर दिसल्याच नव्हत्या. एक म्हणजे अक्षर मोठं केलेल्या फोनवर "बी-खत-औषध" तुटून "बी-खत-" एवढंच दिसत होतं. दुसरी म्हणजे चुकारा उघडला की लॉगिन मागते आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. पाचपैकी पाच जण तिथं थांबले. म्हणजे मेनू कितीही सुधारला असता तरी फोन येतच राहिले असते. आता मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येते असं केलं आणि पुढच्या पाच जणांवर पाहिलं, चौघांचं झालं, एकाचा नंबर आमच्या रजिस्टरमध्येच जुना होता.

एक गोष्ट अजून सुटली नाही. माती तपासणी. अर्धे लोक "बी-खत-औषध" मध्ये पाहतात आणि अर्धे पिकात. काय करावं?

संत्रा_आंबिया

दोन्हीकडे ठेवा. पान एकच, लिंक दोन. कागदाच्या फायलीत एक कागद एकाच जागी राहतो, साइटवर तसं बंधन नाही. फक्त पानाच्या वर जी वाट दाखवता, मुखपृष्ठ मग अमुक मग तमुक, ती एकच पक्की ठेवा, नाहीतर माणूस गोंधळते.

आणि भाऊ, मी माझं म्हणणं सुधारतो. मी नुसतं फर्स्ट क्लिक केलं असतं तर पिकाचं आणि भावाचं हे कळलं नसतं. माझ्याकडे वरुडला संत्र्याच्या आंबिया-मृग अशा बहारावर सगळा हिशोब चालतो, मी पण चिठ्ठ्या लावून पाहणार आहे.

सेतूवाली_ताई

नंबर जुना असलेल्यांसाठी त्या स्क्रीनवरच "नंबर बदलला का? फोन लावा" असं मोठ्या अक्षरात ठेवा. आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी सिम बदलते लोकांचं, रिचार्ज संपलं की पोरगं नवीन घेऊन येते. आणि "ओटीपी" शब्द सगळ्यांना कळते, तो मराठीत करायला जाऊ नका.

पऱ्हाटी_दारव्हा

केलं ताई. माती तपासणी पण दोन्हीकडे टाकली.

काल ते पहिलेच काका ऑफिसात आले होते, त्यांना काही सांगितलं नाही, मुद्दाम खुर्ची मागं घेऊन बसलो. हाताची सावली धरली, "माझा चुकारा" दाबलं, ओटीपी आला, तो मोठ्यानं वाचत वाचत एकेक आकडा टाकला, आणि रक्कम दिसल्यावर खिशातली काट्याची पावती काढून दोन्ही आकडे ताडून पाहिले. मग मला म्हणाले, "पंधरा तारीख दाखवून राहिलं, बरोबर हाय का?" मी म्हटलं बरोबर आहे. पावती घडी करून खिशात ठेवली आणि गेले.